कोकराच्या पाठीवरचे तीन दिवस

नामिबियात कराकुल जातीच्या मेंढ्यांचा लिलाव भरतो, तेव्हा एक गोष्ट पाहणाऱ्याला खटकते. समोर मेंढा उभा असतो, चांगला ऐंशी-नव्वद किलोचा, वळणदार शिंगांचा. पण जाणकार खरेदीदार त्याच्याकडे ओझरतं पाहतो, पाय आणि दात तपासतो आणि मग हातातल्या यादीतला एक फोटो निरखत बसतो. फोटो त्याच मेंढ्याचा असतो, पण जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतला. ओल्या रेशमासारखी चमकणारी पाठ आणि त्या पाठीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. बोली लागते ती त्या नक्षीवर. समोर उभ्या असलेल्या जनावराच्या अंगावर तिचा मागमूसही नसतो. जो गुण पाहून पैसे मोजायचे तो आता फक्त कागदावर शिल्लक आहे, हे मनातून जात नाही. या जातीचा सगळा इतिहास त्या एका विसंगतीत आहे असं मला वाटतं.

मोठी झालेली कराकुल मेंढी दिसायला अगदी साधी असते. लांबट, अरुंद तोंड, नाकाचा फुगीर बाक, खाली लोंबणारे लांब कान. मेंढ्या बहुधा बिनशिंगी. मागे रुंद, चरबीने भरलेलं शेपूट आणि त्याच्या टोकाला इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला बारीक शेंडा. अंगावरची लोकर लांब आणि भरड, काळी जन्मली तरी वयाबरोबर तांबूस, मग करडी होत जाते. तोंड आणि पाय तेवढे काळे राहतात. आपल्याकडची दख्खनी मेंढी ज्यांनी पाहिली आहे, तिच्या लोकरीची घोंगडी ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना ही लोकर हाताला ओळखीची वाटेल. हिच्यासाठी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात खंडाखंडांतले व्यापारी झुंजले, यावर विश्वास बसू नये इतकी ती सर्वसाधारण दिसते.

सगळी किंमत कोकराची.

कोकरू पोटात असतानाच त्याच्या कातड्यावर केस उगवू लागतात आणि केसांची मुळं कातड्यात तिरपी, वाकडी बसलेली असल्यामुळे केस वर येता येता वळतो. शेजारचे केस एकाच दिशेने, एकाच मापाने वळले की त्यांची वळी बनते. गाभाचा काळ सुमारे १५० दिवसांचा. शेवटच्या महिन्यात आधी नुसती लाटेसारखी झाक दिसते, मग केस वाढतात, वळ्या उठतात आणि जन्माच्या वेळी त्या भरीव, घट्ट असतात. केस मात्र वाढायचा थांबत नाही. दोन-तीन दिवसांत वळ्या सैल पडू लागतात, आठवड्यात उलगडतात, आणि महिनाभराने ते कोकरू चारचौघा कोकरांसारखं लोकरीचा गोळा होतं. म्हणून जे काही पारखायचं, नोंदवायचं, ठरवायचं, ते त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत.

वेताच्या हंगामात मेंढ्यांच्या वाडग्यात जी प्रतवारी चालते तिला घाई असली तरी हलगर्जी चालत नाही. कोकरू पूर्ण सुकलेलं हवं, कारण ओल्या अंगावर खराब वळीसुद्धा देखणी दिसते. ते उजेडाकडे पाठ करून धरतात. आधी नजर जाते पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटाच्या अलीकडच्या भागावर, कारण वळी सर्वांत चांगली तिथेच असते. मग पाठ, मग खांदे, मान आणि शेवटी कुशी. मानेकडे आणि कुशीकडे जाताना वळी विस्कटत जातेच. प्रश्न एवढाच, की चांगला भाग कुठपर्यंत पोचला आहे. मग तळवा केसांच्या उलट दिशेने फिरवायचा. चांगला केस दाबाखाली वाकतो आणि लगेच उसळून जागेवर येतो. रोडका, कापसासारखा मऊ केस दबतो आणि दबलेलाच राहतो. फार राठ असेल तर हाताला काचेसारखा बोचरा लागतो आणि त्याला तकाकी असली तरी ती खोटी, काचेरी असते. कातडं चिमटीत धरून जाडी पाहायची. पातळ, पण लिबलिबीत नको. हे सगळं होईपर्यंत कोकरू ओरडत असतं आणि पलीकडे त्याची आई.

वळ्यांचे प्रकार पुष्कळ. नळीसारखी लांब, गोल वळी मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडे मानाची. घेवड्याच्या दाण्यासारखी आखूड वळी त्याखालोखाल. आयाळीसारखी, जिच्यात केस मधल्या रेषेवरून दोन्ही बाजूंना पडतात, तीही चालते. मटारासारखा गोल गोळा किंवा बुचाच्या स्क्रूसारखा पिळलेला केस आला की ते कातडं खालच्या प्रतीत गेलं. सोव्हिएत प्रतवारीत नळीदार, बरगड्यांसारखं, चपटं असे गट होते आणि प्रत्येकाच्या पोटात कितीतरी प्रती. ज्याने आयुष्यभर ही कातडी हाताळली तो डोळे मिटूनही सांगू शकायचा यात मला तरी अतिशयोक्ती वाटत नाही, कारण अर्धी पारख बोटांचीच आहे.

या मेंढीचं घर म्हणजे आजच्या उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानातला वाळवंटी पट्टा. झरफशान नदी बुखाऱ्यापुढे जाऊन वाळूत जिरते, त्या टोकाला कराकुल नावाचं गाव आहे. नाव तिथलं. एका बाजूला काराकुम वाळवंट, दुसऱ्या बाजूला किझिलकुम. वसंतात पाऊस पडला तर वाळूवर बारीक गवताची साय धरते, ती उन्हाळ्यात उभ्याउभ्या वाळते. एरवी नागदवण्याच्या जातीची कडवट झुडपं आणि सक्साऊल नावाचं वाळवंटी झाड. पाणी खोल विहिरींचं आणि बऱ्याचदा मचूळ. तेही मेंढ्या पितात. हिवाळ्यात कडाका, उन्हाळ्यात होरपळ. शेपटातली चरबी ही अशा वेळची शिदोरी. वसंतात शेपूट भरतं, हिवाळ्याअखेर ते नुसती कातडी होऊन लोंबतं. आणि हिवाळ्याअखेर म्हणजेच मेंढी गाभण असते.

इथे एक मर्म आहे, जे ही मेंढी दुसरीकडे नेणाऱ्या कितीतरी लोकांनी ओळखलं नाही. गाभण मेंढीला शेवटच्या दोन महिन्यांत भरपूर खाऊ घातलं तर कोकरू मोठं जन्मतं, केस लांब, वळी मोठी आणि सैल, कातडं जाड. चांगला चारा, वाईट माल. उपासमार झाली तर कोकरू लहान, वळी चपटी, अपुरी, तकाकी मेलेली. जे हवं ते या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत आहे, आणि वाळवंट ती पट्टी आपोआप राखतं. जर्मनीच्या हिरव्या कुरणांत ही मेंढी जगली, वाढली, पण तिथे तिचा धंदा उभा राहिला नाही. दमट थंडी, सकस गवत आणि जमिनीची किंमत, तिन्ही गोष्टी तिच्या विरुद्ध गेल्या.

रंगांबद्दल लिहिताना हात थोडा रेंगाळतो. बहुसंख्य कोकरं काळी, त्यांना तिकडे ‘अरबी’ म्हणतात. करडी ‘शिराझी’. तपकिरी ‘कांबर’. आणि ‘सूर’, ज्यात प्रत्येक केस मुळाशी गडद आणि टोकाशी फिका असतो. बुखारी सूर सोनेरी किंवा रुपेरी, सुरखानदर्याकडचा कांस्य आणि अंबरच्या छटांचा, काराकल्पाकचा जर्दाळूच्या ज्वाळेसारखा. वारा आला आणि केस हलला की रंग बदलतो. ही नावं बाजाराने नंतर चकाकवली असतील, पण छटा खरोखर तशा आहेत.

शिराझीमध्ये काळे आणि पांढरे केस मिसळलेले असतात आणि त्यांच्या प्रमाणावर रुपेरी ते निळसर अशी झाक ठरते. या करड्या रंगाला एकेकाळी सर्वांत जास्त भाव होता. साहजिकच लोकांनी करड्या मेंढीला करडा मेंढा दिला. कोकरं सुरेख यायची, पण त्यातली काही दूध सुटायच्या सुमारास मरू लागली. पोट फुगायचं, चारा जिरायचा नाही, कोकरू खंगत जायचं. पुढे उलगडा झाला. करड्या रंगाचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, की पोटाच्या आणि आतड्यांच्या हालचाली चालवणाऱ्या मज्जातंतूंची वाढच नीट होत नाही. दुधावर आहे तोवर निभतं. चारा खायला लागलं, की पोटाचा मोठा कप्पा तो पुढे ढकलू शकत नाही. करडा आणि करडी यांच्या जोडीतून हिशोबाने चारात एक कोकरू असं येतं. उपाय सोपा निघाला: करड्याला नेहमी काळ्याशी जुळवायचं. मग निम्मी करडी, निम्मी काळी, आणि सगळी जगणारी. आणि जिथे तरीही करड्या-करड्याची जोडी लागली, तिथे जन्मताच कोकराची जीभ आणि कान पाहायचे. जीभ गुलाबी, बिनरंगाची आणि कान पांढुरके असतील तर ते जगणार नाही. त्याला पहिल्याच दिवशी कातड्यासाठी वेगळं काढायचं.

कोकराचं तोंड उघडून जीभ पाहणारा तो अंगठा मला या सगळ्या कारभारातला सर्वांत कठीण भाग वाटतो.

कारण आडवळणं घेऊन उपयोग नाही. कराकुलचं कातडं म्हणजे एक ते तीन दिवसांचं कोकरू मारून काढलेलं कातडं. पैदाशीला साजेशा काही माद्या आणि मोजके नर राखतात, बाकीची जातात. याला कारण नुसती हाव नव्हे. वाळवंटात दुष्काळाच्या साली आईला कोकरू पाजणं झेपत नाही. दोघंही जातात. कोकरू काढलं तर आई वाचते, तिचं दूध घरात येतं, लोणी आणि चीज होतं, आणि त्याच कोकराच्या पोटातून चीजला लागणारं विरजण निघतं. मांस उंटावर लादून शेकडो मैल नेता येत नाही, सुकं कातडं नेता येतं. वजन नाही, नासत नाही, आणि शहरात त्याचं धान्य होतं. मेंढपाळाच्या जागी उभं राहिलं तर हा हिशोब मला समजतो. ‘कराकुलचा’ नावाचा जो प्रकार आहे, त्याचा हिशोब मात्र गळ्याखाली उतरत नाही. ते जन्माला दोन-चार आठवडे उरले असतानाच्या गर्भाचं कातडं असतं, जेव्हा वळी उठलेली नसते आणि नुसती रेशमी लाट असते. तिकडची जुनी वहिवाट अशी, की म्हाताऱ्या, दात पडलेल्या, तशाही कापायच्या मेंढ्या गाभण असताना कापल्या जायच्या आणि त्यातून हे निघायचं. मेलेलं जन्मलेलं कोकरूही त्यातच. पण बाजारात त्याला नेहमीच्या कातड्याहून चढा भाव आहे, आणि जिथे भाव चढा असतो तिथे म्हातारी कोण हे ठरवणारा हात सैल सुटायला वेळ लागत नाही.

कातडं काढायचं तेही नीट समजून. छेद हनुवटीपासून शेपटापर्यंत पोटाच्या बरोबर मधून, मग पायांच्या आतल्या बाजूने. रेघ चुकली की दोन कुशी असमान होतात आणि शिवताना एक बाजू वाया जाते. कातडं लगेच पसरून गार करायचं. ढिगात गरम राहिलं तर काही तासांत केस मुळापासून सुटतो. रक्त धुवायचं, नाहीतर आतून डाग धरतो. उझबेक पद्धतीत आतल्या बाजूला मीठ चोळून कातडी काही दिवस थप्पी लावून ठेवतात, मग वाळवतात. नामिबियात धुऊन, लाकडी चौकटीवर ताणलेल्या गोणपाटावर पसरून सावलीत सुकवतात. भर उन्हात टाकलं तर कातडं भाजतं आणि पुढे कमावताना तडकतं. फार ताणलं तर वळ्यांच्या मधून कातडं दिसू लागतं. चरबी राहिली तर तिथे पिवळा, कडक ठिपका. मग कमावणं. बुखाऱ्याची जुनी रीत म्हणजे जवाचं पीठ आणि मीठ पाण्यात कालवून त्यात कातडी आंबवणं. पीठ आंबून आम्ल तयार होतं, ते कातडं मऊ करतं, आणि मीठ ते सडू देत नाही. आंबणं कमी पडलं तर कातडं पुठ्ठ्यासारखं, जास्त झालं तर केस हातात. वास कसा असेल याची कल्पना ज्यांनी उन्हाळ्यात चुकून फार आंबलेलं पीठ उघडलं आहे त्यांना येईल.

बुखारा रशियाच्या अंमलाखाली गेलं ते १८६८ मध्ये, आणि १८८८ मध्ये रेल्वे समरकंदपर्यंत पोचली. माल वाढला. युरोपात तो ‘अस्त्राखान’ म्हणून ओळखला गेला, कारण व्होल्गाच्या मुखावरच्या त्या बंदरातून येई. जर्मन त्याला इराणी समजून ‘पेर्सियानर’ म्हणत. लाइपझिग ही फरच्या व्यापाराची राजधानी, आणि तिथल्या कारागिरांनी काळा रंग देण्यात हातखंडा मिळवला. काळ्या कोकराचंही कातडं उजेडात तांबूस मारतं, म्हणून काळ्यालाही काळं रंगवावं लागतं. लाइपझिगचा फर-व्यापारी पाउल थोरर याने ही मेंढी बुखाऱ्याबाहेर काढली. हाले विद्यापीठात शेतीशास्त्रज्ञ युलियस क्यून यांनी ती पाळून तिचा अभ्यास केला. आणि १९०७ मध्ये थोररने १२ जनावरं, २ मेंढे आणि १० मेंढ्या, जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, पाठवली. दोन वर्षांनी याहून बराच मोठा कळप गेला.

या तारखेकडे नीट पाहायला हवं. १९०४ ते १९०८ या काळात त्याच भूमीवर जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, उरलेल्यांची जमीन आणि गुरं सरकारजमा केली. मेंढी उतरली ती अशा रिकाम्या केलेल्या कुरणांवर. नामिबियातल्या कराकुलचं यश सांगताना हवामानाचं, गवताचं, कोरडेपणाचं वर्णन सगळे करतात, आणि ते खरंच आहे. पण ती जमीन मोकळी कशी सापडली हे त्याच दमात सांगितलं पाहिजे.

बारा मेंढ्यांचे लाखो कसे झाले? शुद्ध मेंढ्या कमी, म्हणून मेंढे शुद्ध ठेवून स्थानिक माद्यांवर सोडले. काळ्या तोंडाची पर्शियन आणि चरबीच्या शेपटाची आफ्रिकानेर या तिथल्या माद्या. पहिल्या पिढीत निम्मं रक्त कराकुल, मग पाऊण, मग ७/८, १५/१६, ३१/३२. पहिल्या पिढीच्या कोकराच्या अंगावर फार काही दिसत नाही, धीर सुटतो तो तिथे. चौथ्या-पाचव्या पिढीत वळी जमू लागते. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेचं राज्य आलं, विंडहुकजवळ न्यूदाम इथे पैदास केंद्र चाललं, आणि तिथे एक वेगळा निर्णय झाला. बुखाऱ्याच्या गोल नळीऐवजी आखूड केसाची, चपटी, पाणीदार लाट निवडायची. ही निवड पिढ्यानपिढ्या एकाच दिशेने झाली आणि त्यातून ‘स्वकारा’ हे नाव मिळालेला माल तयार झाला, जो हलका असल्याने अंगावर कोटासारखा पडतो. बुखाऱ्याच्या जाड वळीची टोपी उत्तम होते, कोट जड होतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला लाखांनी नव्हे, दशलक्षांनी कातडी तिथून जात होती. तिथे त्यांना काळे हिरे म्हणत. मग १९८०च्या दशकात दुष्काळ आले, युरोपात फरविरोधी मत तापलं, भाव कोसळले. शेतकऱ्यांनी मांसासाठी डॉर्पर मेंढ्या घेतल्या. गंमत म्हणजे डॉर्परच्या रक्तातही तीच काळ्या तोंडाची पर्शियन आहे, जिला कराकुलसाठी पुसून काढायचा खटाटोप चालला होता. पुढे कोपनहेगनचं लिलावघर हा मोठा आधार होता. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने डेन्मार्कने देशातले सगळे मिंक, म्हणजे फरसाठी पाळले जाणारे छोटे प्राणी, मारले आणि त्या लिलावघराने गाशा गुंडाळायचं ठरवलं. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या मेंढपाळाला डेन्मार्कच्या मिंकचा फटका बसला.

दुसरी वाट अफगाणिस्तानची. १९२०-३०च्या दशकांत सोव्हिएत सक्तीच्या सामुदायिक शेतीपासून पळून तुर्कमेन आणि उझबेक कुटुंबं कळपांसह अमू दर्या ओलांडून आली. अंदखोय, अकचा, मैमना या भागात ती स्थिरावली आणि कराकुल हा त्या देशाचा मोठा निर्यातमाल झाला. तिथलीच ती कराकुलची टोपी. दोन्ही बाजूंनी मिटणारी, पुढे-मागे टोक असणारी. अफगाणिस्तानचे माजी राष्ट्राध्यक्ष हमीद करझाईंच्या डोक्यावर जगाने पाहिली तीच. आपल्याकडे ती ‘जिना कॅप’ म्हणून माहीत आहे. मुंबईच्या हायकोर्टात सुटाबुटात उभे राहणारे जिना १९३७ मध्ये मुस्लिम लीगच्या लखनौच्या अधिवेशनात शेरवानी आणि ही टोपी घालून आले, आणि एका टोपीचा पक्ष ठरला. श्रीनगरच्या जुन्या शहरात ‘कराकुली’चे कारागीर अजून आहेत. कातडं ओलसर करून लाकडी साच्यावर ताणायचं, सुकवायचं, मग कापायचं. कौशल्य जुळवणीत आहे. दोन तुकड्यांतल्या वळ्यांची दिशा आणि जाडी एक हवी, शिवण वळीच्या खोबणीत बुडाली पाहिजे. बोटाने शोधूनही सापडली नाही तर ती टोपी पहिल्या प्रतीची.

भारतात ही मेंढी वाढवण्याचा प्रयत्नही झाला. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघातून कराकुल मेंढ्या बिकानेरच्या संशोधन केंद्रात आणल्या, मारवाडी आणि इतर राजस्थानी मेंढ्यांशी त्यांचा संकर केला. वाळवंट मानवलं, कोकरांच्या अंगावर वळीही आली. पण गवत जुळलं म्हणजे धंदा जुळत नाही. एक दिवसाचं कोकरू कापणं राजस्थानच्या रायका-रेबारी मेंढपाळाच्या गळी उतरणारं नव्हतं, आणि त्यांच्या त्या नकाराचा मला आदर वाटतो.

अमेरिकेतली गोष्ट याच्या उलट टोकाची. तिथे पहिल्या मेंढ्या १९०८ मध्ये गेल्या, कातड्याचा धंदा काही बसला नाही, कळप विस्कटले, संकरात विरले. उरलेल्या मेंढ्या टिकल्या त्या हाताने सूत कातणाऱ्यांमुळे. ही लोकर लांब धाग्याची, तेलकटपणा कमी, पिळायला मजबूत, आणि नमदा करायला फार सोयीची. गरम पाणी, साबण आणि दाब मिळाला की ती झपाट्याने एकजीव होते. सतरंज्या, खोगिराखालचे नमदे, गालिचे यासाठी ती वर्षानुवर्षं टिकते. तिथली कोकरं मरत नाहीत, मोठी होतात, करडी होतात, वर्षातून एक-दोनदा कातरली जातात. पण पहिल्या दिवशी त्यांच्या पाठीकडे निरखून पाहणारं तिथे सहसा कोणी नसतं, आणि ज्या गुणाकडे कोणी पाहत नाही तो काही पिढ्यांत सैल पडतो. त्यामुळे तिथल्या कोकरांची वळी आता बुखाऱ्याच्या मापाने खालच्या प्रतीची भरेल. लोकर मात्र काही पाळणाऱ्यांनी निवडून निवडून पूर्वीपेक्षा लांब आणि मऊ केली आहे.